पाऊस, ओल आणि धुके : मोटारमार्गांवरील वेगनियमांची भाषा

कायद्याची भाषा नेमकी असावी, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. पाऊस, धुके आणि बर्फ यांच्या अंगी मात्र नेमकेपणाचा गुण नसतो. किती थेंब पडले म्हणजे पाऊस सुरू झाला, हवा किती गढूळली म्हणजे धुके पडले, रस्ता केव्हा केवळ ओलसर असतो आणि केव्हा ओला होतो, या प्रश्नांची उत्तरे निसर्ग देत नाही. ती माणसाला, आणि तीही शब्दांच्या द्वारे, द्यावी लागतात. एरवी हा विषय तर्कशास्त्राच्या वर्गापुरता राहिला असता. परंतु ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाहनांसाठी खास बांधलेल्या रस्त्यांवर – त्यांना येथे ‘मोटारमार्ग’ म्हटले आहे – तोच प्रश्न जीवनमरणाचा होतो, आणि न्यायालयात तो दंडाचा व शिक्षेचाही होतो.

मोटारमार्गावर लावलेला वेगाचा आकडा हा कोरड्या रस्त्याचा आणि स्वच्छ दिवसाचा आकडा असतो. हवामान बिघडले म्हणजे चालकाने काय करावे, याची वेगवेगळ्या देशांनी दिलेली उत्तरे एकत्र ठेवून पाहिली, तर त्यांत अभियांत्रिकीपेक्षा शब्दार्थविचाराचाच भाग अधिक आहे असे दिसून येते. काही देशांनी दुसरा, कमी आकडा सांगितला. काहींनी विशेषण सांगितले, ‘योग्य’, ‘समंजस’, ‘परिस्थितीस अनुरूप’ यांसारखे. आणि काहींनी केवळ वस्तुस्थितीचे विधान करून आज्ञेचे काम त्या विधानावरच सोपविले.

भाषेकडे वळण्यापूर्वी या आकड्यांमागील यंत्रशास्त्र थोडक्यात पाहणे अवश्य आहे. धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत जे अंतर कापले जाते, त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग चालकाच्या प्रतिक्रियेचा. तो वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि पावसाशी त्याचा संबंध नाही. दुसरा भाग ब्रेक लागल्यानंतरचा; तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि चाक व रस्ता यांमधील घर्षण जितके कमी, तितका तो लांबतो. घर्षण निम्मे झाले की हे अंतर दुप्पट होते. पाण्याचा थर जाड असेल आणि वेगही मोठा असेल, तर तिसरीच आपत्ती ओढवते : टायरला पुढचे पाणी बाजूस सारण्यास अवधी मिळत नाही, चाक पाण्यावर तरंगू लागते, आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेतील नासा या संस्थेच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ साली या वेगाचे एक साधे सूत्र मांडले. टायरमधील हवेच्या दाबाचे (दर चौरस इंचास पौंड) वर्गमूळ काढून त्यास १०.३५ ने गुणिले म्हणजे ताशी मैलांत तो वेग मिळतो. दाब ३० असल्यास उत्तर सुमारे ५७ मैल, म्हणजे ताशी ९१ किलोमीटर येते. मोटारीच्या टायरवरील खाचा, त्यांची झीज आणि पाण्याची खोली यांनुसार हा आकडा पुष्कळ बदलतो. तथापि मोटारमार्गावरील नित्याचे वेग या सीमेच्या पलीकडचे आहेत, एवढे ध्यानी यावयास तो पुरेसा आहे.

आता फ्रान्सचा नियम घ्यावा. तेथे मोटारमार्गावर कमाल वेग ताशी १३० किलोमीटर आहे. पाऊस किंवा अन्य वृष्टी होत असता तो ११० वर येतो. इटलीतही हेच दोन आकडे आहेत, आणि तेथील संहितेने ‘कोणत्याही स्वरूपाची वृष्टी’ असा व्यापक शब्दप्रयोग केला आहे, म्हणजे हिमवर्षाव आणि गाराही त्यात आपोआप आल्या. लक्झेम्बर्गमध्येही १३० आणि ११० हीच जोडी आढळते. या सर्व नियमांत विचार केला आहे तो आकाशाचा. वरून काही पडत आहे काय, एवढाच प्रश्न त्यात विचारला आहे. पाऊस थांबून पाच मिनिटे झाली आणि रस्त्यावर अद्याप पाणी साचलेले असले, तर शब्दशः पाहता १३० ची मोकळीक परत मिळते. उलट, कोरड्या रस्त्यावर नुकतीच भुरभुर सुरू झाली असता, घर्षणात म्हणण्यासारखा फरक पडलेला नसला तरी, ११० ची मर्यादा लागू होते. अर्थात फ्रेंच कायदेकारांना हे ठाऊक होते. म्हणून त्याच संहितेत अन्यत्र असे म्हटले आहे की, कमाल मर्यादा या चांगले हवामान, सुरळीत रहदारी आणि सुस्थितीतील वाहन या गृहीतावरच दिलेल्या आहेत, आणि त्यांमुळे चालकाची आपल्या वेगावर सतत ताबा ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. आकडा सांगावयाचा, आणि लगेच तो आकडा पुरेसा नाही असेही सांगावयाचे, ही जोडरचना पुढे वारंवार भेटेल.

जर्मनीत आकाशाऐवजी रस्त्याकडे पाहिले जाते. तेथील मोटारमार्गांच्या बऱ्याच भागावर सर्वसाधारण सक्तीची मर्यादा नाही. १९७८ च्या नियमावलीने १३० किलोमीटर हा वेग केवळ शिफारस म्हणून सांगितला आहे. परंतु पाणी साचणाऱ्या किंवा वळणाच्या भागांत मर्यादेचा वर्तुळाकार फलक आणि त्याखाली दोन शब्दांची एक पांढरी पट्टी दिसते : ‘बाय नेस्से’. ‘ओल असता’ असा त्याचा अर्थ. ‘ओल’ म्हणजे किती? हा वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ च्या डिसेंबरात जर्मन सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संपूर्ण रस्त्यावर पाण्याचा पातळ थर पसरलेला असला तरच या शब्दाने निर्दिष्ट केलेली अवस्था सिद्ध होते. रस्ता नुसता दमट असणे किंवा त्यावर तुरळक डबकी असणे पुरेसे नाही. जर्मन भाषेत ‘नास’ आणि ‘फॉइश्ट’ ही दोन विशेषणे आहेत, आणि न्यायालयाने वस्तुतः या दोहोंमधील सीमारेषा आखून दिली.

मराठी वाचकाला हा निर्णय समजावयास काहीच अडचण पडू नये. ‘ओले’ आणि ‘ओलसर’ यांत हाच भेद आहे. ‘-सर’ हा प्रत्यय मूळ गुण पुरा न पोचल्याचे सांगतो : काळसर ते काळे नव्हे, पिवळसर ते पिवळे नव्हे. जर्मन न्यायाधीशांना जी गोष्ट पाण्याच्या थराचा आधार घेऊन सांगावी लागली, ती मराठीने एका प्रत्ययात सांगून ठेवली आहे. मात्र ती सीमा नेमकी कोठे, हे प्रत्यय सांगत नाही, आणि वादाचे मूळ तेथेच असते. ‘पाण्याचा थर’ ही कसोटी न्यायालयाने निवडली ती एवढ्यासाठी की, ती चालकाला बसल्या जागेवरून दिसते : पृष्ठभाग चकाकतो, पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उठतात. शब्दाची व्याख्या शब्दकोशातून न करता चालकाच्या डोळ्यांपुढील दृश्यातून केली, हे या निर्णयाचे मर्म होय.

कॅलिफोर्नियातील दिव्यांविषयीचा एक नियम येथे सहज आठवतो. काचेवरील वायपर सतत चालू ठेवावे लागत असतील, तर पुढचे दिवे लावलेच पाहिजेत, असा तो नियम २००५ पासून लागू आहे. त्यात पाऊस किती, हा प्रश्नच टाळला आहे. चालकाने स्वतःच केलेली एक कृती हीच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरते. पावसाची इतकी सुटसुटीत व्याख्या क्वचितच कोणी केली असेल.

दक्षिण कोरियाने आकाश आणि रस्ता दोन्ही एका वाक्यात आणले, आणि आकड्यांऐवजी प्रमाण सांगितले. पाऊस पडून रस्ता ओला झाला असता, किंवा २० मिलिमीटरपेक्षा कमी बर्फ साचले असता, मूळ मर्यादेतून शेकडा २० वजा करावेत. दृष्टी १०० मीटरपर्यंतच पोचत असेल, रस्ता गोठला असेल किंवा बर्फ २० मिलिमीटर अथवा अधिक असेल, तर शेकडा ५० वजा करावेत. जेथे मर्यादा १०० आहे तेथे ती अनुक्रमे ८० आणि ५० होते. रचना नेटकी आहे. परंतु धावत्या गाडीतून बर्फाचे मिलिमीटर कोणी मोजावेत, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. येथे नियमाचे शब्द चालकासाठी कमी आणि अपघातानंतर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी अधिक लिहिले गेले आहेत, असे म्हणावेसे वाटते.

या निरनिराळ्या आकड्यांत ओल्या रस्त्याविषयी कोणते गृहीत दडलेले आहे, हे साध्या गणिताने बाहेर काढता येते. ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने, कमी केलेल्या वेगाच्या वर्गास मूळ वेगाच्या वर्गाने भागले म्हणजे घर्षण किती घटेपर्यंत ते अंतर पूर्वीएवढेच राहील, हे कळते. १३० वरून ११० वर येणाऱ्या फ्रेंच चालकाचे हे गुणोत्तर ०.७२ येते, म्हणजे ओला रस्ता कोरड्याच्या मानाने फार तर शेकडा २८ नी निसरडा होतो, असे जणू त्या नियमाने मानले आहे. कोरियाच्या पहिल्या पायरीचे गुणोत्तर ०.६४, म्हणजे घट ३६. दुसऱ्या पायरीचे ०.२५, म्हणजे घट ७५. फिनलंडमध्ये मोटारमार्गांवरील उन्हाळी मर्यादा साधारणतः १२० आणि हिवाळी मर्यादा १०० असते. तिचे गुणोत्तर ०.६९. हे आकडे असेच गणित करून ठरविले गेले, असे येथे सुचवावयाचे नाही. रहदारीचा ओघ, लोकांची सवय, पाळला जाईल असाच नियम करण्याचे धोरण, अशा पुष्कळ गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. परंतु नियमाने न उच्चारलेले विधान कोणते, हे त्यावरून कळते.

ग्रेट ब्रिटनशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट विशेष ठसठशीत होते. तेथे मोटारमार्गावर ताशी ७० मैल (सुमारे ११३ किलोमीटर) ही मर्यादा आहे, आणि पावसासाठी कायद्याने दुसरा आकडा दिलेला नाही. त्याऐवजी ‘हायवे कोड’ या शासकीय पुस्तिकेत एक विधान आहे : ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर किमान दुप्पट होते, आणि बर्फावर ते दसपट होऊ शकते. त्याच पुस्तिकेच्या कोष्टकाप्रमाणे ७० मैल वेगास थांबण्याचे अंतर ९६ मीटर आहे. पैकी २१ मीटर प्रतिक्रियेचे आणि ७५ ब्रेकचे. काटेकोरपणे पाहता, प्रतिक्रियेचा भाग पावसाने वाढत नसल्यामुळे, एकूण अंतर दुप्पट व्हावयाचे तर ब्रेकचे अंतर दुपटीहूनही अधिक झाले पाहिजे. पण तो सूक्ष्मपणा सोडून देऊन केवळ ब्रेकचेच अंतर दुप्पट धरले, तरी ९६ मीटरांत थांबण्यासाठी ब्रिटिश चालकाने ७० वरून सुमारे ५० मैलांवर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवर यावयास हवे. हेच गृहीत फ्रान्सला लावले तर ११० ऐवजी ९२ हा आकडा निघतो. बर्फाचे दसपट धरले तर ब्रिटिश चालकाचा वेग २५ मैलांच्याही आत येतो. म्हणजे ज्या देशाने पावसासाठी एकही आकडा सांगितला नाही, त्याच देशाच्या वाक्यातून सर्वांत कडक आकडा निष्पन्न होतो. फक्त तो निष्पन्न करण्याचे काम चालकावर सोपविलेले आहे.

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या विधान आहे, आज्ञा नाही. या पुस्तिकेत जेथे कायद्याचे बंधन आहे तेथे ‘केलेच पाहिजे’ या अर्थाचे क्रियापद ठळक मोठ्या अक्षरांत छापतात. जेथे केवळ उपदेश आहे तेथे ‘करावे’ या अर्थाचे सौम्य क्रियापद येते. उपदेश मोडला म्हणून त्या कारणाने खटला होत नाही. परंतु १९८८ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या खटल्यात तो उल्लंघनाचा प्रसंग दोष सिद्ध करण्याच्या कामी पुढे करता येतो. विधान, उपदेश आणि बंधन अशा या तीन पायऱ्या झाल्या. आपल्याकडील मीमांसकांनी वेदवाक्यांची विधी आणि अर्थवाद अशी विभागणी करून, वस्तुस्थिती सांगणारा अर्थवाद हा विधीला बळकटी आणण्यासाठीच असतो, असा सिद्धान्त मांडला होता. ‘अंतर दुप्पट होते’ हे वाक्य याच जातीचे आहे. ‘वेग कमी करा’ हा विधी त्याच्या पोटात गृहीत आहे. मात्र विधी स्पष्ट शब्दांत नसेल तर सामान्य मनुष्य अर्थवाद वाचून पुढे जातो, हा धोका मीमांसकांना नसला तरी रस्त्यांच्या अभियंत्यांना चांगलाच ठाऊक आहे.

ब्रिटनमधील ७० मैलांची मर्यादाच मुळी हवामानातून जन्मली, हे येथे नमूद करणे उचित होईल. १९६५ पर्यंत तेथील मोटारमार्गांवर वेगाची सर्वसाधारण मर्यादा नव्हती. त्या वर्षी शरद ऋतूच्या अखेरीस धुक्यात अनेक गाड्या एकमेकींवर आदळून गंभीर अपघात झाले, आणि २२ डिसेंबर १९६५ पासून ७० मैलांची मर्यादा प्रयोगादाखल लागू झाली. १९६७ साली ती कायम करण्यात आली. धुक्यातील अपघातांवर उपाय म्हणून आलेला हा आकडा आज स्वच्छ दिवसाचा आकडा होऊन बसला आहे.

धुक्याचे नियम पावसाच्या नियमांहून निराळ्या जातीचे आहेत, कारण धुके रस्ता फारसा बदलत नाही. ते चालकाची दृष्टी आखूड करते. म्हणून येथे आकाशही नव्हे, रस्ताही नव्हे, तर डोळा हे प्रमाण होते. जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही देशांत दृष्टी ५० मीटरांच्या आत आली तर ताशी ५० किलोमीटर ही मर्यादा आहे. लक्षात राहावयास इतका सोयीचा नियम दुसरा नसेल : मीटर आणि किलोमीटर यांचा आकडा एकच. त्याचे गणितही जुळते. जर्मन शिकाऊ चालकांना शिकविल्या जाणाऱ्या आडाख्याप्रमाणे, वेगाचा दशांश काढून त्याची तिप्पट म्हणजे प्रतिक्रियेचे मीटर आणि त्याचाच वर्ग म्हणजे ब्रेकचे मीटर. ५० ला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर; दिसणाऱ्या ५० मीटरांत गाडी उभी राहते. शिवाय जर्मन रस्त्यांच्या कडेचे खांब साधारणतः ५० मीटर अंतरावर असतात, त्यामुळे एका खांबापासून पुढचा दिसेनासा झाला की मर्यादा लागू झाली, हे चालकाला कळते. फ्रान्समध्ये कडेच्या तुटक रेषेचे तुकडे ३९ मीटरांचे आणि मधली जागा १३ मीटरांची असते. पुढच्या गाडीपासून दोन तुकडे दूर राहावे, असे तेथे शिकवितात. नियमाचे शब्द रस्त्यावरच आखून ठेवण्याचा हा प्रकार भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ‘५० मीटर’ हा शब्दसमूह एरवी अंदाजाचा. खांब रोवल्याने तो दर्शक सर्वनामासारखा झाला.

तरीही सीमारेषेचा दोष उरतोच. दृष्टी २० मीटरच असेल तर ५० चा वेग हा आत्मघात आहे. जर्मन नियमात म्हणूनच त्याहून कमी वेग अवश्य असल्यास तोच पाळावा, अशी पुस्ती जोडलेली आहे. चीनने या अडचणीवर पायऱ्यांचा उपाय केला. तेथील २००४ च्या नियमावलीप्रमाणे दृष्टी २०० मीटरांच्या आत असेल तर वेग ६० आणि पुढील गाडीपासून अंतर किमान १००. १०० मीटरांच्या आत असेल तर वेग ४० आणि अंतर किमान ५०. आणि ५० मीटरांच्या आत असेल तर वेग २० आणि जवळच्या फाट्याने मोटारमार्ग सोडून जावे. जर्मन आडाख्याने तपासले तर ६० ला ५४, ४० ला २८ आणि २० ला १० मीटर लागतात. म्हणजे चिनी नियम पुष्कळच हात राखून केलेला आहे. शेवटच्या पायरीवर तर वेगाचा विषय संपून मार्गत्यागाची आज्ञा येते. मोटारमार्गाचा नियम मोटारमार्गावर राहू नका असे सांगतो, हे क्वचितच दिसणारे प्रांजळपण होय.

आकड्यांचा मार्ग सोडून निखळ विशेषणाचा मार्ग धरला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मोंटाना राज्याने घालून दिले. १९७४ पासून तेथे केंद्राच्या कायद्याने ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा आली होती, आणि तिच्यात पुढे काही सवलती झाल्या होत्या. १९९५ च्या अखेरीस ते बंधन उठले आणि मोंटानात मोटारींसाठी दिवसाचा जुना नियम परत आला. रहदारी, ब्रेक, रस्त्याचा चढउतार व रुंदी, पृष्ठभागाची अवस्था, पुढचे दिसण्यातील अडथळे हे सर्व विचारात घेता जो वेग समंजस व योग्य, त्याहून अधिक वेगाने जाऊ नये, असा तो नियम होता. आकडा नाही. एका चालकाने ताशी ८५ मैल वेगाबद्दल झालेला दंड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. दंड करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या जागी समंजस वेग कोणता ठरला असता, हे सांगता आले नव्हते. १९९८ च्या डिसेंबरात न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, सामान्य बुद्धीच्या मनुष्याला आपला गुन्हा कोणत्या वेगापासून सुरू होतो हे ज्या शब्दांवरून कळत नाही, ते शब्द गुन्ह्याची व्याख्या म्हणून उभे राहू शकत नाहीत. १९९९ मध्ये विधिमंडळाने मोठ्या महामार्गांसाठी दिवसा ७५ मैलांचा आकडा घातला.

जर्मनीतही असाच प्रसंग घडला, परंतु टायरच्या बाबतीत. २००५-०६ च्या दुरुस्तीने वाहनाची साधने ‘हवामानास अनुरूप’ असावीत आणि त्यात ‘योग्य टायर’ही यावेत, असा नियम आला होता. २०१० च्या जुलैत ओल्डेनबुर्ग येथील उच्च न्यायालयाने हे शब्द घटनेला अपेक्षित असलेल्या निश्चिततेस उतरत नाहीत, असे ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुरुस्ती झाली, आणि ‘हवामान’ या एका शब्दाच्या जागी निसरडेपणाचे पाच प्रकार नावानिशी आले : रस्त्यावर गोठलेला पारदर्शक थर, दाबून गुळगुळीत झालेले हिम, अर्धवट वितळलेल्या हिमाचा चिखल, जुने पाणी गोठून झालेला बर्फ, आणि गोठलेल्या दवाचा थर. जर्मनमध्ये हे पाच सुटे शब्द आहेत. मराठीत ‘बर्फ’ आणि ‘हिम’ यांच्या पलीकडे जावयाचे तर वर केले आहे तसे वर्णन करावे लागते. याचा अर्थ मराठी दरिद्री आहे असा मुळीच नव्हे. रिमझिम, भुरभुर, शिरवे, सर, झड, संततधार, मुसळधार अशी पावसाची उतरंड जिला सहज लावता येते, तिला एवढ्या हिमाची नावे ठेवण्याचा प्रसंगच आला नाही.

ज्यांनी आकडा सांगितला त्यांना सर्वसाधारण कर्तव्याची पुस्ती जोडावी लागली, आणि ज्यांनी केवळ कर्तव्य सांगितले त्यांना शेवटी आकडा घालावा लागला. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील तेराव्या कलमाने हा तिढा एका कसोटीने सोडविण्याचा यत्न केला. भूभागाची रचना, रस्त्याची व वाहनाची अवस्था, हवामान आणि रहदारी यांकडे सतत लक्ष ठेवून, दिसणाऱ्या टप्प्याच्या आत आणि अपेक्षित अडथळ्याच्या अलीकडे गाडी थांबविता येईल असा वेग ठेवावा, असे ते कलम सांगते. ‘दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे’ ही कसोटी विशेषणही नव्हे आणि आकडाही नव्हे. ते एक समीकरण आहे, आणि त्यातील दोन्ही बाजू प्रत्येक क्षणी बदलतात. तत्त्वतः याहून चांगला नियम सुचत नाही. व्यवहारात मात्र चालकाला ओल्या रस्त्यावरचे घर्षण दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे समीकरण सुटत नाही. फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मोटारमार्गावर हवामानाप्रमाणे आकडा बदलणारे फलक लावून १९९० च्या दशकात जी पाहणी झाली, तिच्यात चालक खराब रस्त्यावर आपण होऊन सरासरी सहा किलोमीटर वेग कमी करीत होते, असे आढळले. फलकावरील आकडा १०० वरून ८० केल्यावर त्यात आणखी सुमारे साडेतीन किलोमीटरांची भर पडली. वीस किलोमीटरांच्या आज्ञेचे साडेतीन किलोमीटर झाले, ही गोष्ट थोडी निराशाजनक वाटेल. परंतु फलक पाहणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग तेवढा घटला, तर निसरड्या रस्त्यावर तो लाभ क्षुल्लक म्हणता येत नाही.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने वाहन चालविणे याविषयी आहे. ‘प्रकरणाची सर्व परिस्थिती’ विचारात घ्यावी असे म्हणून त्यात जागेचे स्वरूप, अवस्था, उपयोग आणि तेथील रहदारी यांचा उल्लेख केला आहे. हवामानाचे नाव घेतलेले नाही. ते ‘सर्व परिस्थिती’त अंतर्भूत होते यात शंका नाही. परंतु ज्या मार्गावर आषाढ-श्रावणात लोणावळ्याजवळ ढग रस्त्यावर उतरतात, तेथील फलकांवर हे अंतर्भूत असलेले बाहेर काढून लिहावयाचे झाले, तर मराठीत ते कसे लिहावे, हा प्रश्न खरोखरीचा आहे. ‘वाहने सावकाश हाका’ या परिचित फलकातील ‘सावकाश’ हा शब्द मोंटानाच्या ‘समंजस’चाच भाऊ आहे, बैलगाडीच्या काळातील ‘हाका’ हे क्रियापद मोटारीलाही चिकटून राहिले, हा त्यातील आनुषंगिक गोडवा. ‘वेग कमी करावा’ असे लिहिले तर ‘-आवा’ या रूपात विनंती, उपदेश आणि आज्ञा तिन्ही मिसळतात, आणि ब्रिटिश पुस्तिकेने मोठ्या कष्टाने वेगळ्या केलेल्या पायऱ्या पुन्हा एक होतात. ‘कमी केलाच पाहिजे’ यात बंधन निःसंशय आहे, पण ‘किती’ हे उरते.

आकडा वर्तुळात घालून खाली पट्टी लावावयाची, ही जर्मन पद्धत घेतली तर पट्टीवरील शब्दांची निवड उरते. ‘पावसात’ लिहिले तर आपण फ्रान्सच्या बाजूस जातो, आणि सर ओसरल्यावर वाहते राहिलेले पाणी नियमाबाहेर पडते. ‘ओला रस्ता असल्यास’ हे रूप अट सांगते, ‘ओला असताना’ हे काल सांगते. जर्मनमधील ‘बाय’ हे अव्यय दोन्ही अर्थ एकदम वाहते. ‘रस्ता ओला असता’ या रूपात मराठीलाही ते साधते, परंतु ते रूप आता ग्रंथांतच अधिक आढळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा चालक दर सेकंदास जवळजवळ २८ मीटर पुढे जात असतो, आणि तुषारांनी भरलेल्या काचेतून त्याला ही पट्टी वाचावयाची असते. त्या दृष्टीने ‘ओल्या रस्त्यावर’ हे दोनच शब्द, मोठ्या अक्षरांत, सर्वांत अधिक अंतरावरून वाचले जातील.